पोट लहान झाल्यावर



२०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद उपचारांसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आल्या आणि वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची घरोघरी चर्चा झाली. आज मीरा रोड-भाईंदरच्या सोसायट्यांमध्येही अशी शस्त्रक्रिया झालेली माणसं भेटतात. त्यांची खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते. त्या दिवसांविषयी आज बोलायचं आहे.

यातल्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. आम्ल कमी होतं, अन्नाची वाट बदलते. मग काहींच्या लहान आतड्यात जिवाणू बेसुमार वाढतात. पोट फुगतं, जुलाब होतात आणि आपल्या वाट्याचं बी-१२ जीवनसत्त्व हे जिवाणूच फस्त करतात.

प्रोबायोटिकचा, म्हणजे उपकारक जिवाणू औषधासारखे देण्याचा विचार इथूनच पुढे आला. अमेरिकेत स्टॅनफर्डला बायपास झालेल्या ४४ रुग्णांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जिवाणू घेणाऱ्यांमध्ये जिवाणूंची ही वाढ कमी दिसली आणि तीन महिन्यांनी बी-१२ची पातळीही चांगली होती. पुढे इस्रायलमध्ये स्लीव्ह झालेल्या १०० रुग्णांच्या यकृतातल्या चरबीचा अभ्यास झाला. तिथे सहा महिने प्रोबायोटिक देऊनही औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे काहींना आराम पडतो, पण हमखास गुण येईलच असं नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलने पोट हलकं वाटतं, म्हणून ती नेमाने घेतली जाते. आणि ज्यांचा परिणाम लगेच जाणवत नाही त्या लोह, कॅल्शियम, बी-१२च्या गोळ्या मात्र मागे पडतात. भाईंदरमध्ये गुजराती, जैन, मारवाडी अशी शाकाहारी घरं पुष्कळ. त्यांच्या आहारात बी-१२ मुळातच बेताचं, त्यात आता ते शोषलंही कमी जातं. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. या गोळ्या जन्मभराच्या आहेत. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका; मध्ये दोन तास जाऊ द्या.

दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. ताटातलं पनीर, घट्ट डाळ, अंडं किंवा उत्तनच्या कोळणीकडची ताजी, काटे काढलेली मासळी आधी खा, भात-पोळी नंतर. पातळ, कुस्करलेलं, मऊ या पायऱ्या तुमच्या आहारतज्ज्ञांनी सांगितल्या तशाच चढा. गोड लस्सी नको. साधं ताक चालेल, घोट घोट, जेवणानंतर अर्ध्या तासाने. मात्र घरच्या ताकात कोणते जिवाणू किती आहेत हे मोजलेलं नसतं, म्हणून ते कॅप्सूलच्या जागी धरू नका.

प्रोबायोटिक घ्यायचंच तर शल्यविशारदांना विचारून घ्या. डबीवर जिवाणूचं पूर्ण नाव, एका मात्रेतली संख्या, मुदत आणि साठवणुकीचं तापमान वाचा. मे महिन्यात बंद घरातल्या कपाटात हे जिवाणू तग धरतीलच असं नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे किंवा ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी आहे, त्यांनी सल्ल्याशिवाय घेऊच नये. सतत उलट्या, ताप, छातीत धडधड किंवा वाढत जाणारी पोटदुखी असेल तर 'गॅस झाला असेल' म्हणत घरी थांबू नका. तडक रुग्णालय गाठा.

पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर रिकामी करा. कोणती सुरू आहे, कोणती सुटली, ते न लाजता सांगा. बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी मागून घ्या. शस्त्रक्रियेसाठी तुम्ही एवढं सोसलंत. तिचं चीज या रोजच्या गोळ्यांनी होणार आहे.