लांब हात

घरांत पुस्तकांचीं उंच कपाटें असलीं, कीं वरचे कप्पे तरुणांचे आणि खालचे वृद्धांचे, अशी वांटणी आपोआप होऊन जाते. स्टुलावर चढण्याची हिंमत ओसरली, म्हणजे वरचीं पुस्तकें स्वतःच्या मालकीचीं असूनहि परकीं होतात. मुलाला किंवा नोकराला हांक मारून पुस्तक काढवून घेतां येतें, हें खरें. पण आपल्याला नेमकें कोणतें पुस्तक हवें आहे, हें वाचकाला पुष्कळदां तें हातांत घेऊन चार पानें चाळल्यावरच समजतें. आणि तेवढ्यासाठीं दहा वेळां दुसऱ्याला उठवणें भिडस्त माणसाच्या जिवावर येतें.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं बेंजामिन फ्रँकलिन यांच्यापुढें हीच अडचण उभी राहिली. फ्रान्समधील वकिलातीचें काम संपवून १७८५ च्या सप्टेंबरांत ते घरीं परतले, तेव्हां त्यांना ऐंशीवें वर्ष चालू होऊन कित्येक महिने लोटले होते. मूतखडा व सांध्यांचा विकार या दोहोंनीं त्यांना गांठलें होतें. पंचविसाव्या वर्षीं, १७३१ सालीं, पुस्तकें खिशाला परवडत नव्हतीं म्हणून याच गृहस्थांनीं मित्रांची वर्गणी जमवून सार्वजनिक वाचनालय काढलें होतें. आतां पुस्तकें विपुल होतीं, पण हात पोंचत नव्हता.

१७८६ च्या जानेवारींत त्यांनीं आपल्या उपायाचें वर्णन लिहून काढलें. वृद्धांना शिडीवर चढणें गैरसोयीचें होतें, कारण त्यांना घेरी येते व सांध्यांची स्थिरता कमी होते. शिवाय दर पुस्तकासाठीं शिडी इकडून तिकडे हलवावी लागते, असें कारण त्यांनीं प्रारंभींच दिलें आहे. त्यांत तक्रारीचा सूर नाहीं. एखाद्या यंत्राचा झिजलेला भाग दाखवावा, तसें त्यांनीं स्वतःचें म्हातारपण दाखवलें आहे.

उपकरणाचें नांव ‘लांब हात’. पाइनच्या लाकडाची एक इंच चौरस व आठ फूट लांब काठी हा त्याचा दंड. तिच्या टोंकाला दोन बाजूंस अ‍ॅश झाडाच्या लवचिक लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या स्क्रूनें बसवलेल्या. त्यांतील आखूड पट्टी म्हणजे अंगठा आणि दीड इंच पुढें आलेली लांब पट्टी म्हणजे बोट. दोन्ही पट्ट्यांचीं टोंकें बाहेरून तासून पातळ केलेलीं असतात, म्हणजे दाटीनें उभ्या केलेल्या पुस्तकांच्या फटींत तीं सहज शिरतात. पट्ट्यांना पाडलेल्या भोंकांतून एक दोरी जाते. तिला त्यांनीं ‘स्नायू’ असें नांव दिलें. दोरीच्या खालच्या टोंकाला हात घालण्यापुरता फांस असतो, आणि ती हातांतून निसटूं नये म्हणून तीन-चार इंचांवर गांठी मारलेल्या असतात.

प्रथम हव्या असलेल्या पुस्तकाच्या एका बाजूस बोट घालावें, मग दुसऱ्या बाजूस अंगठा सरकवावा, आणि पुस्तकाची पाठ दोरीला टेकेपर्यंत काठी पुढें ढकलावी. दोरी ताणली, कीं दोन्ही पट्ट्या पुस्तक घट्ट धरतात. तें शेजारच्या पुस्तकांतून सुटूं लागलें, कीं काठी पाव वळसा फिरवावी; मग पुस्तक आडवें होतें व बाजूनें घसरून पडत नाहीं. सगळें कसब या पाव वळशांत आहे. वाचून झाल्यावर पुस्तक याच हातानें पुन्हां जागीं ठेवतां येतें.

कोंकणांतला आंबे उतरवण्याचा झेला येथें कोणालाहि आठवेल. पण आंबा देठापासून सुटला, कीं जाळींत पडतो. पुस्तक मात्र धरावें लागतें. कात्रीसारख्या अनेक फुल्यांची सांखळी असलेला, दाबतांच लांब होणारा चिमटाहि इंग्रजांत ‘लेझी टाँग्ज’, म्हणजे आळशांचा चिमटा, या नांवानें प्रसिद्ध आहे. परंतु त्याच्या प्रत्येक सांध्याचा थोडा थोडा ढिलेपणा टोंकापर्यंत सांचत जातो, आणि जड वस्तु धरली कीं टोंक डुलूं लागतें. आणि आळशांचें म्हणून त्याला हिणवणें तर अन्यायाचेंच. ज्याला वांकतां येत नाहीं किंवा चढतां येत नाहीं, त्याला आळशी कोण म्हणेल?

फ्रँकलिन यांनीं आपल्या साधनाची मर्यादाहि स्पष्ट सांगितली. लहान व मध्यम आकाराच्या पुस्तकांना तें चांगलें. मोठे ग्रंथ त्याला पेलत नाहींत, पण ते बहुधा खालच्या कप्प्यांतच ठेवलेले असतात. मापें इतकीं तपशीलवार दिलीं आहेत, कीं कोणत्याहि सुतारानें तें करावें. १७८७ च्या जुलैंत मॅनासी कटलर नांवाचे धर्मोपदेशक त्यांच्या भेटीला गेले, तेव्हां वृद्ध यजमानांनीं त्यांना ग्रंथालय दाखवतांना हा कृत्रिम हातहि दाखवला, असें कटलर यांनीं आपल्या रोजनिशींत नोंदवलें आहे. पुढें १७९० च्या एप्रिलांत फ्रँकलिन वारले, आणि त्यांचा ग्रंथसंग्रह कालांतरानें पांगला.

आज कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण जमिनीवरची वस्तु उचलण्यासाठीं जो खटक्याचा चिमटा वापरतात, किंवा सफाई करणारे कागद वेंचण्यासाठीं जो वापरतात, तो याच जातीचा. ज्या श्रोत्यांना घरीं ‘लांब हात’ करून पाहावयाचा असेल, त्यांनीं आपल्या खोलीच्या मानानें काठी आखूड करावी. पट्ट्यांना बांबूच्या कांबी चालतील. आरंभ पातळ पुस्तकापासून करावा, आणि पहिले चार दिवस खालीं गादी अंथरून ठेवावी.