तर्काची सिद्धता आणि कामगाराचा हात

तर्कशास्त्र म्हटलें कीं सुशिक्षितांस पर्वत, धूर आणि अग्नि ही त्रयी आठवते. परंतु तर्क प्रत्यक्ष काय करतो हें पाहावयाचें, तर पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांतील एखाद्या पॉवर प्रेसपाशीं जावें. मोटारींच्या सुट्या भागांसाठीं पत्र्यास आकार देणाऱ्या या यंत्रापुढें एक संरक्षक जाळी असते. कामगार तिला गार्ड म्हणतात. गार्ड उघडतांच स्विच सुटावा आणि यंत्र थांबावें, अशी योजना असते.

या योजनेंत दोन विधानें गृहीत आहेत. पहिलें : यंत्र चालत असेल, तर गार्ड मिटलेला असतो. दुसरें : हात साच्यांत असेल, तर गार्ड मिटलेला नसतो. सिद्ध करावयाचें तें असें : हात साच्यांत असेल, तर यंत्र चालत नसतें.

प्रथम, हात साच्यांत आहे असें मानावें. दुसऱ्या विधानावरून गार्ड मिटलेला नाहीं. आतां कोणी हट्टानें म्हणेल, “तरीही यंत्र चालू आहे.” तेंही क्षणभर मानावें. मग पहिल्या विधानावरून गार्ड मिटलेला ठरतो. एकच गार्ड एकाच क्षणीं मिटलेला आहे आणि नाहीं, हा उघड व्याघात होय. म्हणून हट्टाचें म्हणणें टाकावें लागतें : यंत्र चालत नाहीं.

येथें नवशिका बहुधा थांबतो. पण सिद्धता अद्याप पुरी झालेली नाहीं. हात साच्यांत आहे, हें केवळ उसनें घेतलेलें विधान आहे. तें परत केलेंच पाहिजे. म्हणजे निष्कर्षामागें ‘जर’ म्हणून जोडलें पाहिजे. तसें केलें कीं इष्ट विधान हातीं येतें. उसनवारीची ही रीत गेर्हार्ड गेन्ट्झेन या जर्मन गणितज्ञानें १९३४-३५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत नियमबद्ध केली.

सिद्धता निर्दोष आहे. तरी प्रेसखालीं बोटें जातातच. कारण तर्क निष्कर्षाची हमी गृहीत विधानांच्या जोरावरच देतो. उत्पादन वाढविण्यासाठीं कोणी स्विच तारेनें बांधून ठेवला, कीं पहिलें विधान खोटें झालें. गार्डच्या बाजूस हात जाईल एवढी फट राहिली, कीं दुसरें गेलें. हेतूच जागेवर नसेल, तर अनुमानास अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ‘असिद्ध’ हा दोष लावतो. तोच दोष येथें फटीच्या रूपानें उभा राहतो.

१९४८ च्या कारखाने कायद्यानें धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालणें बंधनकारक केलें. परंतु कुंपण आहे आणि तें काम करतें, हीं दोन निराळीं विधानें होत. म्हणून प्रत्येक पाळीच्या आरंभीं दोन तपासण्या हव्यात : गार्ड उघडल्यावर यंत्र थांबतें काय, आणि गार्ड मिटला असतां साच्यापर्यंत हात पोहोंचतो काय. कागदावरची सिद्धता एकदां केली कीं कायमची झाली. तिचीं गृहीतें मात्र रोज नव्यानें तपासावीं लागतात.