काळा आजार आणि वाळूमाशीचे रसायन

एखादा रोग गावातून गेला, असे केव्हा म्हणता येईल? रुग्ण दिसेनासे झाले म्हणजे, असे उत्तर सहज दिले जाते. परंतु ते उत्तर पुरेसे नाही, हा धडा उत्तर बिहारने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

१९५३ साली देशात राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघर डी. डी. टी.ची फवारणी होऊ लागली. ही फवारणी होती डासांसाठी. परंतु त्याच भिंतींच्या आश्रयाने राहणारी वाळूमाशीही तिने मारली. परिणामी, ज्याच्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागली नाही, तो काळा आजार साठीच्या दशकात जवळजवळ नाहीसा झाला. पुढे मलेरिया आटोक्यात आला व फवारणी थांबली. भिंतींवरील औषधाचा अंमल ओसरला, वाळूमाशी पुन्हा वाढली आणि १९७७ साली बिहारमध्ये सुमारे एक लाख लोकांना या रोगाने ग्रासल्याचा अंदाज करण्यात आला.

हा रोग सावकाश मारणारा आहे. दीर्घकाळ रेंगाळणारा ताप, वाढलेली पाणथरी, रक्तक्षय आणि खंगत जाणारे शरीर ही त्याची लक्षणे. उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतोच. त्याला कारणीभूत होणारा सूक्ष्म परोपजीवी १९०३ साली लेशमन आणि डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे उजेडात आणला. दोघांच्याही नावांवरून त्यास ‘लेशमानिया डोनोवानी’ असे नाव मिळाले. कलकत्त्याच्या डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी शोधलेल्या युरिया स्टिबामाइन या औषधाने पुढे असंख्य प्राण वाचविले. परंतु रोग पसरतो कसा, हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. १९२४ साली कलकत्त्यात वाळूमाशीच्या पोटात हा परोपजीवी वाढताना दिसला. तरी तिच्या दंशाने रोग होतो हे सिद्ध होईना. १९४० च्या सुमारास स्मिथ, हालदार आणि अहमद या संशोधकांनी दूषित रक्त प्यालेल्या माश्यांना नंतर मनुका खावयास दिल्या. त्या साखरेवर माश्या अधिक दिवस जगल्या आणि परोपजीवी इतके वाढले की माशीच्या अन्नमार्गाचे तोंडच तुंबून गेले. हाच धागा धरून स्वामीनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी १९४२ साली आसाममध्ये स्वयंसेवकांवर प्रयोग करून दंशाने रोग संक्रमित होतो हे निर्विवाद सिद्ध केले.

आपल्याकडील या रोगाची वाहक ‘फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस’ ही वाळूमाशी जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर लांब असते. अंगावर दाट लव, बसताना पंख उभे व फाकलेले, आणि उडणे म्हणजे जवळजवळ टुणटुण उड्या. डासाप्रमाणे तिला अंडी घालावयास साचलेले पाणी लागत नाही. गोठ्यातील ओलसर माती, शेण आणि पालापाचोळा, मातीच्या भिंतीची भेग, एवढे तिला पुरते. चावते ती केवळ मादी. कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त हवे असते.

रक्त पोटात गेले की तिच्या देहात मोठी रासायनिक उलाढाल सुरू होते. रक्ताच्या घोटाभोवती कायटिनयुक्त पातळ पिशवी तयार होते आणि ट्रिप्सिनसारखी विकरे, म्हणजेच एन्झाइमे, रक्तातील प्रथिने पचवू लागतात. दूषित रक्ताबरोबर आलेल्या परोपजीवीच्या दृष्टीने हे दिवस कसोटीचे. पचनातून तो तगला, तर कायटिन विरघळविणाऱ्या विकराच्या साहाय्याने पिशवीबाहेर पडतो, आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि वाढत वाढत माशीच्या तोंडाकडे सरकतो. पुढच्या दंशाबरोबर तो माणसाच्या त्वचेत उतरतो. माशीची लाळही येथे त्याच्या कामी येते. तिच्यातील द्रव्ये रक्त गोठू देत नाहीत आणि परोपजीवीला त्वचेत पाय रोवण्यास मदत करतात.

विकरांचा दुसरा आणि गावकारभाराशी थेट संबंध असलेला भाग म्हणजे कीटकनाशकांना होणारा प्रतिकार. कित्येक कीटकांच्या शरीरात डी. डी. टी.चे रेणू मोडून निरुपद्रवी करणारी विकरे असतात. श्रीलंकेतील वाळूमाश्यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मॅलॅथिऑनसारख्या औषधांना दाद न देणारी बदललेली विकरे आढळली. याहून वेगळा मार्ग जनुकांचा. डी. डी. टी. कीटकाच्या मज्जातंतूंमधील सोडियमच्या दारावर घाव घालते; ते दार उघडेच राहिल्याने कीटक तडफडून मरतो. या दाराचा आराखडा ज्या जनुकात असतो, त्यातील केवळ एका अक्षराच्या बदलाने १०१४ व्या स्थानावरील ल्यूसिन जाऊन तेथे फेनिलअॅलॅनिन किंवा सेरिन येते. मग औषधाचा घाव नीट बसत नाही. बिहारमधील वाळूमाश्यांत हे दोन्ही बदल आढळले असून २०१७ साली त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. औषध माशीला प्रतिकार शिकवीत नाही. हजारो माश्यांत असा बदल घेऊन जन्मलेल्या मोजक्या माश्या असतात. फवारणीत इतर मरतात, या मोजक्या उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. भिंतीवरील मात्रा अपुरी असेल, तर अर्धवट प्रतिकार असलेल्या माश्याही तगतात आणि निवडीचे हे चक्र वेगाने फिरते. बिहारमधील फवारणीच्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा माश्यांतील प्रतिकार आणि भिंतींवरील अपुरी मात्रा हे दोन्ही दोष एकत्र दिसून आले. त्याच सुमारास काळ्या आजाराच्या प्रदेशात डी. डी. टी.ऐवजी कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील औषध वापरण्यास सुरुवात झाली.

औषध बदलल्याने प्रश्न मात्र कायमचा सुटत नाही. पायरेथ्रॉइडही सोडियमच्या त्याच दारावर घाव घालते. डी. डी. टी.च्या काळात निवडले गेलेले जनुक नव्या औषधाविरुद्धही माशीच्या उपयोगी पडू शकते. म्हणून ठरावीक काळाने माश्या पकडून त्यांच्यावर औषधाची चाचणी घेणे आणि त्यांची जनुके तपासणे हे काम फवारणीइतकेच आवश्यक ठरते. २०२३ साली वाळूमाशीच्या दोन जातींची संपूर्ण जनुकीय माहिती प्रसिद्ध झाल्यामुळे या तपासणीस नवे बळ मिळाले आहे.

देशातील रुग्णसंख्या २००७ साली चव्वेचाळीस हजारांवर होती. २०२३ साली ती एक हजाराच्याही खाली आली. गटातील दर दहा हजार लोकांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशाने गाठले. यश मोठे आहे. पण बिहारचा पूर्वीचा अनुभव अशाच यशानंतरचा आहे. रुग्ण कमी झाले की फवारणीचा खर्च अनाठायी वाटू लागतो आणि घरात पथक आले की लोक कुरकुरतात.

महाराष्ट्र काळ्या आजाराच्या प्रदेशात मोडत नाही. परंतु वाळूमाशी येथेही आहे. नागपूरजवळील चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेला आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत ओळखला गेलेला विषाणू वाळूमाशीच पसरविते. त्याने २००३ साली आंध्र प्रदेशात आणि २०२४ साली गुजरातमध्ये अनेक बालकांचा बळी घेतला. पंचायतीचे सभासद आणि शिक्षक यांच्यासाठी बिहारचा अनुभव म्हणूनच दूरचा नाही.

करावयाची कामे साधी आहेत. पथक येण्याची तारीख आधी जाहीर व्हावी. जमिनीपासून सहा फुटांपर्यंतची प्रत्येक भिंत, आतली खोली आणि गोठा फवारला गेला की नाही, हे पंचायत सभासदांनी स्वतः पाहावे. फवारलेली भिंत किमान अडीच-तीन महिने सारवू अथवा लिंपू नये, हे शिक्षकांनी मुलांमार्फत घरोघर पोचवावे. भेगा बुजवाव्यात, गोठा कोरडा ठेवावा आणि शेणकचरा घरापासून दूर न्यावा. फवारणीच्या नोंदवहीत ‘घर बंद’ अशी नोंद झालेली घरे दुसऱ्या फेरीत वगळली जाऊ नयेत. वाळूमाशीची पुढची पिढी अशाच न फवारलेल्या घरांतून वाढते.