बुधवारी मोजून घ्या

हातातलं काम चालू ठेवा, काम करता करताच ऐका.

सोमवारी आपल्याला कामाचा हुरूप असतो. शनिवारी माल द्यायचा, म्हणून शुक्रवारी हात आपोआप भराभर चालतात. अडतं ते मधेच. बुधवार आला की अंग जड होतं आणि 'रोज मेलं तेच तेच' असं वाटायला लागतं. घरातलं कुणी म्हणतं, आळस चढलाय. पण तो आळस नसतो. दोन दिवसांचा शीण अंगात साठलेला असतो आणि पैसे अजून लांब असतात. त्यात त्याच दिवशी पाणी आलं, तर अर्धी सकाळ घागरी भरण्यात जाते. आपल्या सोलापूरकडच्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

आता हिशोब बघा. समजा पाच जणींच्या गटाला शनिवारी 600 कडक भाकरी द्यायच्या आहेत. पाच दिवसांत रोज 120, म्हणजे एकीच्या वाट्याला 24. सोमवार-मंगळवार नीट गेले, 240 झाल्या. बुधवारी 70 वरच काम थांबलं. त्याच संध्याकाळी मोजलं तर उरतात 290. दोन दिवसांत रोज 145, म्हणजे एकीला 29. रोजच्यापेक्षा फक्त पाच जास्त. पण मोजलंच नाही, गुरुवारीही 90 च झाल्या, तर शुक्रवारी 200 उरतात. एकीला 40! मग रात्र जागायची, पाठ धरायची आणि घरात चिडचिड करायची.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. कडक भाकरीतली सगळी ओल मंद आचेवर जावी लागते. घाईत ती आतून ओलसर राहते, पाकिटात नरम पडते, बुरशी धरते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्वारीचं नाव मोठं आहे, पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते आपल्या हातच्या भाकरीसाठी. विडी वळणाऱ्या बायांचंही तसंच. मजुरी हजार विड्यांवर मिळते, पण घाईत वळलेली सैल विडी तपासणीत बाजूला काढली जाते.

म्हणून बुधवारी तीन गोष्टी करा.

पहिली, संध्याकाळी चुलीजवळच दहा मिनिटं बसा. किती झालं, किती उरलं, ते वहीत लिहा. कमी भरलं तर कुणाला बोल लावू नका, उरलेलं वाटून घ्या. जी आली नाही तिच्या घरी एकीनं जाऊन यावं. लेकरू आजारी असेल, नाहीतर तिचं स्वतःचंच अंग दुखत असेल.

दुसरी, कामं बदला. दोन दिवस थापणारीनं पाकिटं भरावीत, पाकिटं भरणारीनं तव्यापाशी बसावं. खांद्याला विसावा मिळतो आणि सगळ्यांना सगळं काम येतं.

तिसरी, जमत असेल तर झालेल्या कामाची थोडी मजुरी बुधवारीच द्या. ऑर्डर घेतानाच काही रक्कम आगाऊ मागा, त्यातून हे जमेल. हातात शंभर रुपये आले तरी केलेलं काम डोळ्यांना दिसतं. मात्र दिलेला रुपया न् रुपया वहीत लिहा, नाहीतर शनिवारी वाद ठरलेला.

यात नवीन काही नाही. 2011 साली 'उमेद' अभियान सुरू झालं, तेव्हापासून आपण पंचसूत्री म्हणतो आहोत: आठवड्याची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब. कर्जाचा हप्ता आपण थकण्याआधी बघतो, कामाचा हप्ताही तसाच बघायचा.

आणि घरच्यांनाही सांगा, बुधवारचं पाणी तेवढं तुम्ही भरा. लाजू नका. शनिवारी येणारा पैसा त्याच घरात जाणार आहे.

येत्या बुधवारी मोजून बघा.