पावसाळ्यात मोबाईल चालू राहिला पाहिजे



जुलै २०१९ मधला पूर आठवतो ना? बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजारभर प्रवासी रात्रभर गाडीत होते, सुटका दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. अशा वेळी मोबाईल चालू असला तर केवढा आधार वाटतो!

मोबाईलमधल्या लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. म्हणून चुलीजवळ, उन्हात किंवा उशीखाली फोन चार्जिंगला लावू नका. बॅटरी पार उतरू देऊ नका. रोज २० टक्क्यांवर आली की लावा, ८० च्या आसपास काढा. रात्रभर लावून ठेवणं टाळा.

पण मुसळधार पावसाचा इशारा आला, की फोन पूर्ण १०० टक्के भरून ठेवा. एखाद्या दिवसाने बॅटरी बिघडत नाही.

वीज गेली की स्क्रीनचा उजेड कमी करा, इंटरनेट बंद करा. रेंज नसली की फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी लवकर उतरते. म्हणून शेजारणींनी पाळी लावावी: एकीचा फोन चालू, बाकीच्यांचे बंद. संकटात ११२ नंबर लावा.

आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, कचऱ्यातही टाकू नका. दुरुस्तीच्या दुकानात द्या.

गटाच्या येत्या बैठकीत पाळी कोणाकोणाची, ते पावसाआधीच ठरवून टाका.