राखणदार घडविणारी शाळा

दरवर्षी जून महिना उजाडला की गावोगावी वृक्षारोपणाचे सोहळे होतात. पाहुण्यांच्या हस्ते रोप लावले जाते, छायाचित्र निघते, टाळ्या वाजतात. पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावावे लागते, कारण मधल्या उन्हाळ्यात पाणी कोणी घालायचे, हे कोणी ठरविलेलेच नसते. आपल्याकडील पर्यावरण शिक्षणाची उणीव त्या एका खड्ड्यात पाहावयास मिळते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. त्यानुसार पाठ्यपुस्तके आली, प्रकल्पवह्या आल्या, गुणही आले. आज सातवीतला मुलगा ॲमेझॉनच्या अरण्याच्या हानीवर निबंध लिहितो. परंतु शाळेमागच्या ओढ्याला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते, हे त्याला सांगता येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी स्थानिक निसर्गकेंद्राची कल्पना पुढे आली. परिसराची ओळख पुस्तकातून न होता डोळ्यांनी, हातांनी आणि पायांनी व्हावी, हा तिचा गाभा. पण निसर्गकेंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक इमारत येते, भिंतीवरचे तक्ते येतात, दारावरची पाटी येते. या साऱ्याचा उपयोग आहेच. तथापि ज्या जागेची राखण करण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही, तेथे कितीही तक्ते लावले तरी शिक्षण घडत नाही, हे ध्यानात घ्यावे लागेल.

आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट ओळखली होती. सह्याद्रीच्या आणि कोकणच्या गावागावांत देवाच्या नावाने राखलेली देवराई हे या भूमीतील आद्य निसर्गकेंद्र होय. तेथे फांदी तोडायची नाही, पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, असा दंडक. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे शास्त्रीय मोल जगापुढे मांडले. आजूबाजूचा डोंगर उघडाबोडका झालेला असताना देवराईत गारंबीचे अजस्र वेल टिकून होते, जुने बेहडे उभे होते, झरे वाहते होते. गावातल्या मुलाला जैवविविधता हा शब्द कोणी शिकविला नव्हता. आजोबांबरोबर देवराईत जाताना चपला बाहेर काढायच्या, एवढे त्याला ठाऊक होते. त्या संस्काराने वनखात्याच्या पहाऱ्यावाचून कित्येक पिढ्या ते वन राखले.

याच ठिकाणी एक कटू सत्य आपण आपल्याच माणसांत बोलले पाहिजे. अलीकडे अनेक देवराया तुटल्या, त्या परक्यांनी तोडल्या नाहीत. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या नावाखाली, काँक्रीटचा सभामंडप उभारण्यासाठी, गाड्या थेट दारापर्यंत याव्यात म्हणून भाविकांनीच त्या उजाड केल्या. धनेश पक्ष्याची मादी मोठ्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. एका फटीतून नर तिला फळे भरवीत राहतो. असा वृक्ष एका दिवसात तोडता येतो, परंतु धनेशाला सामावून घेईल अशी ढोली तयार व्हायला माणसाची एक पिढीही पुरत नाही. देव तोच राहिला, भक्तीही वाढली, पण राई गेली. श्रद्धेला जेव्हा तिच्या मुळाशी असलेल्या जाणिवेचे विस्मरण होते, तेव्हा असे घडते. म्हणून जुन्या संस्काराला आजच्या ज्ञानाची जोड देणे अगत्याचे ठरते.

शहरात तर राईही नाही आणि राखणदारही नाही. तेथे काय करावे, याचे एक उत्तर मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी पाहावयास मिळते. एके काळी तेथे शहराचा कचरा टाकला जात असे. त्या सुमारे ३७ एकर जागेवर माती पसरून, वृक्ष लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान घडविण्यात आले आणि २२ एप्रिल १९९४ रोजी ते खुले झाले. आपण ज्या सावलीत उभे आहोत तिच्याखाली आपल्याच शहराचा कचरा गाडलेला आहे, हे ऐकताना विद्यार्थ्याच्या मनावर जो ठसा उमटतो, तो कोणत्याही धड्याने उमटणार नाही. बिघडविलेली भूमी चिकाटीने सावरता येते, हा विश्वास असे उद्यान देते. मात्र सहलीला आलेला विद्यार्थी दुपारी बसमध्ये बसून परत जातो. त्याने पाहिले, ऐकले, आनंद घेतला. तरी तो पाहुणाच राहिला. पाहुण्याचा राखणदार कसा व्हावा, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहानशा गावाने दिले. मंडणगड तालुक्यातील वेळास हे पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे मूळ गाव. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे थंडीच्या दिवसांत रात्री अंडी घालण्यासाठी येतात. मादी वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांची आणि तिची गाठ पडत नाही. वर्षानुवर्षे ही अंडी कुत्री-कोल्ह्यांच्या तोंडी पडत आणि माणसेही ती खाण्यासाठी वा विकण्यासाठी उकरून नेत. या जातीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण होते. पण त्या कायद्याचे रात्रीच्या किनाऱ्यावर पाऊल पडत नव्हते.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली येथे काम सुरू केले. संस्थेने गावकऱ्यांना गुन्हेगार ठरविले नाही, हे तिचे शहाणपण. ज्यांना घरट्याची जागा बिनचूक ओळखता येत होती, त्यांचेच ज्ञान संरक्षणाच्या कामी आले. पहाटे किनारा चालायचा, वाळूवरचा माग पाहायचा, काठीने वाळूचा भुसभुशीतपणा अजमावायचा, अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची आणि त्यावर तारखेची पाटी लावायची. साधारण ५० ते ५५ दिवसांनी वाळू हलू लागते आणि तळहाताएवढी पिल्ले वर येतात. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले. मोदक, सोलकढी, आमसुलाचे सार यांबरोबर घरच्या मंडळींकडून कासवाची माहितीही मिळू लागली. अंडे विकून मिळणाऱ्या चार पैशांपेक्षा जिवंत पिल्लू समुद्रात सोडण्यात गावाचे अधिक हित आहे, हे कोणाला भाषणातून पटवावे लागले नाही.

अशा कामाचा आवाका गावापुरता राहत नाही. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावरून उपग्रह-यंत्र बसवून ‘प्रथमा’ नावाची कासवीण समुद्रात सोडण्यात आली. पश्चिम किनाऱ्यावरील तो पहिलाच प्रयोग. पुढे २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळलेल्या एका कासविणीच्या अंगावर खुणेचा बिल्ला निघाला. तो २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचे समूह वेगवेगळे असावेत, या समजाला त्यामुळे धक्का बसला. भारताची अखंडता आपण नकाशावर दाखवितो. त्या मुक्या जीवाने ती पोहून दाखविली. पण किनाऱ्यावर रात्री जागणारा कोणी नसता, तर तो बिल्ला कोणाच्या दृष्टीस पडला असता?

कायद्यानेही आपल्या हाती एक साधन दिलेले आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि लोकांच्या सहभागाने परिसराची नोंदवही तयार व्हावी, अशी तरतूद आहे. अनेक ठिकाणी ही वही मुदत गाठण्यासाठी घाईने भरली गेली आणि कपाटात गेली. ती बाहेर काढावी. गावातल्या वैदूला, गुराख्याला, मासे धरणाऱ्याला, रानभाज्या ओळखणाऱ्या आजीला गुरुस्थानी बसवावे आणि मुलांनी त्यांच्या सांगण्यावरून ती वही पुन्हा लिहावी. ज्यांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नाही, ते त्या दिवशी शाळेत शिक्षक म्हणून येतील. समरसतेचा याहून सहज पाठ कोणता असू शकेल?

बंधुभगिनींनो, निसर्गकेंद्रासाठी निधीची, इमारतीची, उद्घाटनाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने, मंडळाने, सोसायटीने आपल्या परिसरातील एक गोष्ट राखण्यासाठी घ्यावी. ती देवराई असेल, ओढा असेल, पडकी विहीर असेल, नाहीतर चौकातला एकुलता एक वड असेल. तिच्यासाठी पाळ्या ठरवाव्यात आणि एक वही घालावी. ओढा कधी आटला, सावरीला पहिले फूल कधी आले, विहिरीचे पाणी वैशाखात किती हात खाली गेले, हे त्या वहीत मुलांच्या हाताने लिहिले जावे. आणि ज्या गावात देवळाचा जीर्णोद्धार निघेल, तेथे वर्गणीच्या पहिल्या बैठकीतच कार्यकर्त्याने उभे राहून विचारावे, “आराखड्यात किती झाडे जाणार आहेत?” तो प्रश्न विचारणे प्रारंभी अवघड वाटेल, क्वचित रोषही पत्करावा लागेल. परंतु देवाच्या राईचा राखणदार व्हायचे, तर या प्रश्नापासूनच आरंभ करावा लागेल.