मूठभर तांदूळ आणि शाळेचा उंबरठा



ज्युबिलीच्या या मंगल दिनी आपल्या मुलांनी विद्येत मिळविलेल्या यशाविषयी चार शब्द बोलावे, अशी आपली इच्छा. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्यांची नावे आम्ही आजवर वेदीजवळून मोठ्या अभिमानाने वाचीत आलो. परंतु विद्येतील असामान्य यश कशास म्हणावे, हे पाहण्यासाठी आज क्षणभर केरळाकडे दृष्टी वळवू.

१८६४ साली तेथील सीरियन कॅथलिकांचे व्हिकर जनरल संत कुरियाकोस एलियास चावरा यांनी प्रत्येक चर्चला जोडून शाळा काढावी, अशी आज्ञा केली. तत्पूर्वी १८४६ साली त्यांनी मान्नानम येथे संस्कृत शाळा उघडली होती. ज्यांस त्या काळी अस्पृश्य लेखीत, त्यांच्या मुलांसही त्यांनी जवळ केले. परंतु उपाशी पोटी विद्या कशी रुजणार? म्हणून घरोघरी गृहिणीने भात शिजविताना मूठभर तांदूळ बाजूस काढावा व त्यातून गरीब मुलांस दुपारचे अन्न मिळावे, अशी त्यांनी योजना केली.

केरळाच्या यशाचे श्रेय एकट्या आपल्या चर्चचे, असे म्हणणे सत्यास सोडून होईल. शिक्षणाचा खर्च सरकारने सोसावा, असे फर्मान त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाई यांनी १८१७ सालीच काढले होते. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीही शाळा चालविल्या. दलित मुलांस शाळेचे दार उघडावे म्हणून अय्यनकाळी झुंजले. अशा अनेक हातांचे फळ म्हणून १८ एप्रिल १९९१ रोजी केरळ पूर्ण साक्षर घोषित झाले. २०११ च्या शिरगणतीत तेथील साक्षरता शेकडा ९४ भरली. सबंध देशाची शेकडा ७३ होती.

याच भूमीत उझवूर गावी एका गरीब दलित कुटुंबात के. आर. नारायणन जन्मले. भातखाचरांतून रोज सुमारे १५ किलोमीटर पायपीट करून ते शिकले. फी थकली की वर्गाबाहेर उभे राहून पाठ ऐकावा. थोरल्या बंधूंनी उसन्या पुस्तकांवरून उतरवून दिलेल्या वह्यांवर अभ्यास करावा, असा क्रम होता. पुढे ते लंडनला शिकले आणि १९९७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. परंतु दाराबाहेर उभा असलेला तो मुलगा एखाद्या दिवशी निमूटपणे घरी परतला असता, तर त्याचे नाव कोणास कळले असते?

येथे आम्हांस स्वतःचा दोष कबूल केला पाहिजे. पहिले कोण आले, हे आम्ही दरवर्षी विचारले. शाळा सोडून कोण गेले, हे मात्र क्वचितच विचारले. नव्याण्णव मेंढरे मोजून आम्ही संतुष्ट राहिलो. वास्तविक समाजाचे मोठेपण त्याच्या पहिल्या मुलावरून नव्हे, तर शेवटच्या मुलावरून ठरते.

म्हणून या ज्युबिलीची खूण एवढीच असावी: प्रत्येक घराने दररोज मूठभर तांदळाइतके धन बाजूस ठेवावे, आणि आपल्या धर्मग्रामाच्या सीमेतील एकही मूल, मग ते कोणत्याही धर्माचे असो, फीअभावी उंबरठ्यावरून परत फिरू नये. पुढील वर्षी वेदीजवळून आम्ही प्रथम हाच हिशेब सांगू. नावे त्यानंतर वाचू.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.